कट्यार स्टेजवरच बघावं
'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकावरचा २०१५ चा पिक्चर बघितला की नाटक बघितल्यासारखंच, असं कोणीतरी म्हटलंय ते काही पटलं नाही ब्वा. पिक्चर मलाही आवडला, पण राहुल देशपांडेंनी २०१० मध्ये ते नाटक परत स्टेजवर आणलं त्यातला एक प्रयोग बघितलाय आणि त्यातलं 'घेई छंद मकरंद' हे पद आधी पंडितजींच्या (नाटकातले एक गवई) संथ चालीत नि मग तेच पद खाँसाहेबांच्या (त्यांचे प्रतिस्पर्धी) तडफदार चालीत, गाण्याच्या दोन घराण्यांचं अख्खं भांडण एका पदात, काय डोकं असेल संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांचं! त्यात वन्स मोअर आला की गाणारा तबलजीकडे बघून हसतो नि परत घेताना भलतीच जागा काढतो (साथीदारांची धावपळ बघण्यासारखी असते), हे पडद्यावर कुठलं मिळायला? मूळ नाटकातले खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, यांना लाईव्ह ऐकलेलं कोणी असेल तर लिहा की, आम्हाला नुसती रेकॉर्डिंगच मिळाली.