आठ-बिटी संगणकांचा छंद: कौतुक की नुसतेच कढ?

जुनाबाजार: गेल्या महिन्यात 48K मेमरीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना आठ-बिटी घरगुती संगणक हाती लागला. ‘ओ’ ची कळ दाबली की अख्खा ‘पोक’ शब्द, म्हणजे मेमरीत थेट आकडा लिहायची आज्ञा, उमटतो. पुढे 16384,255 (मेमरीतला पत्ता आणि तिथे लिहायचा आकडा) टाइप करून एंटर मारा, पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीकशी आडवी रेघ येते. मेमरीतला एक बाइट, त्याचे आठ बिट, पडद्यावर आठ ठिपके. मध्ये कुणी दलाल नाही. हे सुख आजच्या लॅपटॉपवर दाखवा.

सडेतोड: बाइट कळायला चाळीस वर्षांचं रबरी कळांचं खोकं कशाला? जुन्या यंत्राची नक्कल करणारा फुकटचा एम्युलेटर आहे की. आणि आठ बाय आठच्या चौकोनात दोनच रंग, त्यामुळे झाडासमोरून माणूस गेला की झाडाचाही रंग बदलतो. तुम्ही त्याला शैली म्हणता, मी कंजुषी म्हणतो.

जुनाबाजार: कंजुषीच! पण हिशेब बघा. ठिपक्यांना 6144 बाइट, रंगांना 768. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र चार बिटी रंग दिला असता तर 24576 बाइट लागले असते, म्हणजे 48K मधली बरोबर निम्मी मेमरी. मग गेम कुठे ठेवणार, खिशात?

मागचाबाक: हिशेब मान्य, पण ‘ते दिवस’ वगैरे नको. 1984 ला संगणक-साक्षरतेच्या ‘क्लास’ योजनेत सरकारने शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. आमच्याकडे ते यंत्र पडदे लावलेल्या खोलीत, चपला बाहेर, आणि एका कळफलकाला आम्ही पाच जण. कळा नेहमी एकच हुशार मुलगा दाबायचा. हात लावायला मिळाला असता तर मीही कढ काढले असते.

सोल्डर२००३: माझा जन्मच 2003 चा, मला कसले कढ? ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या पाटीवर, स्पेक्ट्रममध्ये असतो तो झेड80 प्रोसेसर जोडतेय. घड्याळाचा वेग हवा तेवढा कमी करता येतो. एकेक ठोका बटणाने देऊन मेमरीचा पत्ता नेणाऱ्या अॅड्रेस लाइनवरचे एलईडी बघत बसते. एम्युलेटरमध्ये चुकीची तार लावता येत नाही हो, काका. अवांतर: तो बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने 2024 मध्ये सुट्या झेड80 च्या ऑर्डरी घेणं थांबवलं, म्हणून दोन जास्तीचे घेऊन ठेवलेत.

सडेतोड: हिचं पटलं. ही शिकतेय. जुनाबाजार यांनी मात्र महिनाभरात त्या रेघेपलीकडे काय लिहिलं, ते सांगावं.

जुनाबाजार: दोन रेघा.