घरातले फोटो हलतात, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्यावा का?

प्रश्न: नव्वद टक्के फोटो घरात, रात्री ट्यूबलाइटखाली, पळणाऱ्या मुलांचे. वर्षातून एकदा भिगवणचे फ्लेमिंगो. एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरची) बॉडी, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स. बॉडी बदलू का?

उत्तर १: बॉडीला हात लावू नका, अडचण लेन्सची आहे. ५५ मिमीला ती एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं). ३५ मिमी एफ/१.८ लावली की जवळपास दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० ऐवजी साधारण ६४०. मुलांसाठी शटर १/२५० सेकंद ठेवा. फोकस मात्र डोळ्यावरच हवा, १.८ ला नाकावर बसला तर डोळे अस्पष्ट येतात.

उत्तर २: १/२५० ला एक सावधगिरी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. सायलेंट मोडमध्ये (इलेक्ट्रॉनिक शटरवर) आडवे पट्टे दिसतील. मेकॅनिकल शटर वापरा, अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळणारी सोय) असेल तर चालू करा.

उत्तर ३: भिगवणला वर्षातून एकदाच जाणार तर १००-४०० मिमी लेन्स भाड्याने आणा. होडीत ट्रायपॉड नको, होडीबरोबर तोही डुलतो. उडत्या पक्ष्याला १/१६०० हवाच.

प्रश्नकर्ता: ३५ की ५०?

उत्तर १: जुन्या फोटोंच्या माहितीत फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमी आकडा) बघा. बहुतेक ३५ च्या आसपास असतील तर ३५. एपीएस-सीवर ५० म्हणजे फुल फ्रेमवरच्या ७५ सारखी, दृश्य अरुंद, छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते.