लेकरू मदतीला धावतं तेव्हा: घरचे, वावरातले अनुभव लिहा

कपडे वाळत घालताना हातातला चिमटा पडला, की नुकतंच चालू लागलेलं पोर तो उचलून देतं. जर्मनीतल्या लायपझिगच्या माक्स प्लांक संशोधन संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी १८ महिन्यांच्या मुलांसोबत हेच करून पाहिलं आणि २००६ साली प्रसिद्ध केलं. चिमटा चुकून पडला तर मुलं आणून देत. मुद्दाम टाकला तर सहसा देत नसत. सांगितलं कुणी नव्हतं, बक्षीसही नव्हतं. म्हणजे ओढ आधीपासूनच असते. मग ती कुठे वाढते, कुठे विझते? आपल्या विदर्भातल्या गावचं लिहा. मुलांची नावं टाकू नका.

अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

खिचडी वाढायचं काम मदतनीसताईंचं, पण ताटल्या मांडायला पोरांची झुंबड. तीन वर्षांची एक पोरगी एका वेळी एकच ताटली दोन्ही हातांनी छातीशी धरून नेते, ठेवते, सरळ करते, मग दुसरीसाठी परत येते. जेवायला उशीर होतो. ताई तिला थांबवत नाहीत, आणि मला ते पटतं. ‘राहू दे, सांडशील’ हे रोज ऐकलं की पोर यायचं बंद होतं. पुढे आपणच म्हणतो, हे कामाला हात लावत नाही!

कास्तकार, आर्वी तालुका

वेचणीच्या वक्ती पोरगं मायसंग वावरात येते. तिची ओटी पाहून त्यालेही ओटी पाहिजे, म्हणून दुपट्टा बांधून देल्ला. त्याच्या कापसात वाळका पालाच जास्त. पाल्याच्या कापसाले भाव भेटत नाही, म्हणून त्याची माय तो येगळा ठेवते अन् रात्री पोरगं झोपल्यावर साफ करते. त्याच्यासमोर नाही. सकाळी पोरगं पुन्हा ओटी बांधून तयार. परवा शेजारची बुढी गाठोडं घेऊन धुऱ्यावर अडली, तर हा न सांगता पयत गेला. उचललं तर नाही, पण एक कोपरा धरून बंडीपर्यंत चालला.

एक आई, भंडारा जिल्हा

वरचं वाचून बरं वाटलं, पण एक बोलू द्या. आमच्याकडे धानाच्या रोवण्याच्या दिवसांत धाकट्याला सांभाळायला घरी कोण थांबतं? मुलगीच. नऊ-दहा वर्षांची पोर, कडेवर बाळ, दप्तर खुंटीला. मी तशीच वाढले. ‘किती मदत करते पोरगी’ म्हणून लोक कौतुक करत. मला कुणी विचारलंच नव्हतं. भाऊ मात्र जेवून ताट तिथंच सोडून उठायचा, त्याला कुणी शब्दानं बोलत नसे. आता माझ्या घरी मुलगा स्वतःचं ताट उचलतो आणि बहिणीसोबत भांडीही विसळतो. त्याच्या आजीला पटत नाही. न पटू दे.

*धागाकर्ती:* ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मदत करू देणं वेगळं आणि कामाला जुंपणं वेगळं. पुढे लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

शिक्षक, अमरावती जिल्हा

आधीच्या शाळेत वर्ग झाडला, मित्राला गणित समजावलं, की चॉकलेट मिळायचं. चॉकलेटं बंद झाली आणि झाडूही कोपऱ्यात गेला. वर ज्यांचं नाव आलंय त्याच दोघांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांबाबत हे दाखवलं: मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुलं पुढे कमी मदत करू लागली; नुसती शाबासकी मिळालेली किंवा काहीच न मिळालेली मात्र करत राहिली. आताच्या शाळेत पावसाळ्यात चौथीची मुलं पहिलीतल्यांना हात धरून चिखलाच्या वाटेनं आणतात. मी बक्षीस देत नाही. ‘आज कोण घाबरलं होतं?’ एवढंच विचारतो. मग कुणाची चप्पल रुतली, कुणी रडलं, सगळं भराभरा सांगतात.

भुलाबाईवाली मावशी, वर्धा जिल्हा

भुलाबाईत, म्हणजे आमच्याकडच्या पोरींच्या गाण्यांच्या सणात, डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा असतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका पोरीला ऐकू येत नाही. ती नुसती बसून राहायची. यंदा दुसरीतल्या एकीनं डबा तिच्या नाकापुढे धरला आणि झाकण जरासं किलकिलं केलं. आम्ही बाया काही बोललो नव्हतो. तिनं वास घेतला आणि दोन बोटांनी शेंग फोडल्यासारखं करून दाखवलं. शेंगदाण्याचे लाडूच होते! आता बाकीच्या पोरीही ‘आम्हालेही वास घेऊ द्या’ म्हणून भांडतात, आणि पाळी तीच ठरवते.