कमिटीला आधी शिकवा, मग सभासदांना ‘त्रासदायक’ म्हणा

विश्रामबागचा सेक्रेटरी:
आमची सांगलीत ३२ फ्लॅटची सोसायटी. गेल्या महिन्यात खजिनदारांनी एका थकबाकीदार काकांना जिन्यातच गाठून चारचौघांत सुनावलं. काका काही बोलले नाहीत, आम्हाला घरात घेऊन गेले. गच्चीचं पाणी मुरून बेडरूमचा गिलावा फुगलेला, कपाटाची फळी हाताने दाबली तर बोट आत जात होतं. त्यांचे तीन अर्ज आमच्याच फाइलीत निघाले, उत्तर एकालाही नाही. गच्चीची गळती उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, सोसायटीनेच काढायची असते, हे आम्हा कमिटीवाल्यांत कुणालाच ठाऊक नव्हतं!

सहकार कायद्याच्या कलम २४अ मध्ये समिती सदस्यांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यात नुसती कलमं नकोत. अर्जाची पोच कशी द्यावी, आवाज चढला की बैठक कशी थांबवावी, हेही शिकवा.

कृष्णाकाठ:
साफ असहमत. आमच्याकडे एकाने चार वर्षं मेंटेनन्स भरला नाही. गळती नाही, तक्रार नाही, नुसती मग्रुरी. त्याच्या विनवण्या करून दोन सेक्रेटरी राजीनामा देऊन गेले. शेवटी कलम १५४ब-२९ खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून थकबाकीचा वसुली दाखला आणला, तेव्हा पैसे आले. गोड बोलायला काय शिकवायचं?

विश्रामबागचा सेक्रेटरी:
अहो, हा रस्ता आधीच्या दोघांना माहीत असता तर ते गेले असते का? मी त्यालाही प्रशिक्षणच म्हणतो. आमच्याकडे तर थकबाकीदाराचं पाणी तोडायचा ठराव लिहून तयार होता. वकिलांनी अडवलं म्हणून वाचलो.

मिरजेची ताई:
‘त्रासदायक’ ठरवतं कोण? मी ऑडिट रिपोर्टची प्रत मागितली तर मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. कागद बघायचा हक्क सभासदाला कायद्यानेच आहे. कमिटीला शिकवायचंच असेल तर हे पहिलं शिकवा.

कृष्णाकाठ:
ताई, तुमचं बरोबर आहे. पण दुसरी बाजूही बघा. बिनपगारी काम, रात्री साडेदहाला दारावर बेल, वर शिव्या. आमच्याकडे निवडणुकीला अर्ज येत नाहीत. त्यात प्रशिक्षणाची सक्ती केलीत तर आहेत तेही घरी बसतील.

विश्रामबागचा सेक्रेटरी:
माझा अनुभव उलटा आहे. शिव्या खाव्या लागतात त्या उत्तर न दिल्यामुळे. आता आम्ही आवक रजिस्टर ठेवलंय, अर्ज आला की त्याच दिवशी सहीची पोच. काकांना लेखी कळवलंय, गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी होईल. ते पत्र द्यायला खजिनदार स्वतः गेले आणि जिन्यातल्या बोलण्याबद्दल माफी मागून आले. थकबाकीचा पहिला हप्ता काकांनी काल भरला.