घरच्या वर्कशॉपात हवेची लाइन: शेतातले उरलेले पीव्हीसी पाइप चालतील का?

कपाशीवाला (आर्वी तालुका)

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मी ट्रॅक्टरची अवजारे, फवारणी पंप आणि गावातल्या मोटारसायकलींची किरकोळ दुरुस्ती करतो. सिंगल फेजवर चालणारा २ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आहे आणि तो ८ किलो दाबाला (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो) बंद होतो. सध्या एकच लांब होज सगळीकडे ओढत न्यावा लागतो, म्हणून भिंतीवरून ३० फुटांची पक्की लाइन टाकून तीन ठिकाणी जोडणी काढण्याचा विचार आहे. ओलितासाठी आणलेले पीव्हीसी पाइप उरले आहेत आणि त्यांवर १० किलोचा छाप आहे. म्हणजे ८ किलोच्या हवेला ते पुरायला हवेत, असा माझा हिशेब आहे. तो बरोबर आहे का? शिवाय पावसाळ्यात रंग मारायच्या स्प्रे गनमधून पाण्याचे थेंब येतात आणि अवजारांच्या रंगावर फोड उठतात, त्यावरही उपाय सुचवावा.

जुना फिटर (वणी)

भाऊ, तो छाप पाण्यासाठी आहे आणि तोही २७ अंश तापमानाला धरलेला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि टिनाखालची भिंत त्याहून तापते; त्या तापमानाला पीव्हीसीची ताकद निम्म्यावर येते, म्हणजे तुमचा १० किलोचा पाइप उन्हाळ्यात ५ किलोचाही राहील की नाही, याची शाश्वती देता येत नाही. पण खरा मुद्दा त्याहून गंभीर आहे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पाण्याचा पाइप तडकला की दाब क्षणात उतरतो आणि फार तर अंगावर चिळकांडी उडते. हवा मात्र दाबून भरलेली असते. पाइप फुटला की ती सगळी एकदम फैलावते आणि ठिसूळ पीव्हीसीचे धारदार तुकडे उडवते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच जमिनीत न पुरलेल्या हवेच्या लाइनला पीव्हीसी न वापरण्याची सूचना काढली होती. सीपीव्हीसीलाही (गरम पाण्यासाठीच्या पीव्हीसीलाही) हेच लागू आहे.

तुमच्या कामाला अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) पुरेल, पण पाऊण इंची टाकलीत तर दाब कमी पडणार नाही. कॉम्प्रेसर आणि लाइन यांच्यामध्ये एक-दोन फुटांचा चांगला होज ठेवावा, कारण कॉम्प्रेसरचा थरकाप थेट पाइपात गेला तर आटे सैल होतात. आट्यांना सफेदा आणि सूत किंवा टेफ्लॉन टेप, यांपैकी जे हाताला बसले आहे ते वापरावे. मध्ये एखादी युनियन, म्हणजे पाइप न फिरवता उघडता येणारा जोड, मात्र विसरू नये. नाही तर एक जोड उघडण्यासाठी सगळी लाइन उतरवावी लागते.

आता पाणी. जुलैत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ७ किलोपर्यंत दाबून पुन्हा ३० अंशांवर आली की तिच्यात जेमतेम ४ ग्रॅम वाफ मावते. उरलेल्या २० ग्रॅमचे पाणीच होणार. ते टाकीत किंवा लाइनमध्ये पडावे, गनमध्ये नव्हे, एवढेच आपल्या हातात असते. त्यासाठी लाइनला कॉम्प्रेसरपासून दूर जाताना उतार द्यावा. ३० फुटांत साडेतीन-चार इंच पुरेत. प्रत्येक जोडणी मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाने टी (तीन तोंडांचा जोड) लावून काढावी आणि दोन एल्बोंनी (काटकोनी जोडांनी) वळवून खाली आणावी, म्हणजे तळाने वाहणारे पाणी त्या फाट्यात शिरत नाही. खाली आलेल्या पाइपाला होजची जोडणी आडवी, टीमधून द्यावी. टीच्या खाली अर्ध्या फुटाचा तुकडा आणि त्याच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह ठेवावा. लाइनच्या शेवटीही असाच एक व्हॉल्व्ह हवा. टाकीचे पाणी रोज काम संपल्यावर काढावे, ही सवय अनेक जण लावून घेत नाहीत आणि टाकी आतून गंजत जाते.

पंक्चरवाला (दारव्हा)

आमच्या भागातल्या काही दुकानांत पीव्हीसीच आहे आणि अजून काही झालेले नाही. जीआय आतून गंजते आणि तो गंज गनमध्ये येतो, हे फिटरकाकांनी सांगितले नाही. स्प्रिंकलरचा काळा एचडीपीई पाइप का नको?

जुना फिटर (वणी)

अजून काही झाले नाही, हे त्या पाइपाच्या ताकदीचे प्रमाण नव्हे. उष्णता आणि कॉम्प्रेसरच्या तेलाची वाफ यांनी पीव्हीसी हळूहळू निकामी होते आणि त्याची खूण वरून दिसत नाही. गंजाचे म्हणणे मान्य आहे, म्हणून रंगाच्या जोडणीवर फिल्टर हवाच. एचडीपीई ठिसूळ नसते, हे खरे. पण तापल्यावर तीही नरम पडते आणि स्प्रिंकलरचे क्लॅम्प हवेसाठी बनवलेले नसतात. खर्च परवडत असेल तर हवेसाठीच बनवलेले ॲल्युमिनियमचे पाइप उत्तम. ते गंजत नाहीत आणि हलकेही असतात.

कपाशीवाला (आर्वी तालुका)

पीव्हीसीचा विचार सोडला, जीआयच टाकतो. फिल्टर कॉम्प्रेसरजवळ लावावा की रंगाच्या जागी? आणि गळती कशी तपासावी?

जुना फिटर (वणी)

फिल्टर रंगाच्या जागीच लावावा. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा गरम असते. फिल्टर थेंब अडवतो, वाफ अडवत नाही, म्हणून हवा लाइनमध्ये निवल्यावरच त्याचा उपयोग होतो. इम्पॅक्ट रेंचसाठी (नट-बोल्ट खोलणाऱ्या हवेवरच्या पान्यासाठी) तेल सोडणारा ल्युब्रिकेटर घेणार असाल तर तो त्या एकाच जोडणीवर असावा; रंगाच्या होजमध्ये तेल गेले की रंग धरत नाही.

गळतीसाठी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून पाहावा. नंतर संध्याकाळी लाइन ८ किलोला भरून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि लाइनवरचा गेज सकाळी वाचावा. शेड संध्याकाळी ४० अंशांवर आणि पहाटे २५ अंशांवर असेल तर नुसत्या गारव्यानेच काटा साडेसातच्या जरा वर येतो. तेवढी घट गळतीत धरू नये. त्याहून खाली गेला असेल तर आधी युनियन आणि बॉल व्हॉल्व्हच्या दांड्या पाहाव्यात, कारण गळती बहुधा तिथेच सापडते.