रविवारी दहा वाजता सगळ्यांनी पिंपं रिकामी करायची आहेत, कृपया पूर्ण वाचा

बी २०३ : नमस्कार, मेसेज मोठा आहे पण अर्धा वाचून अंगठा टाकू नका. ए १०२ मधल्या छोटीचा एनएस वन, म्हणजे डेंग्यूची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आलाय. डेंग्यूच आहे. ताईंना विचारूनच इथं लिहितोय. चार दिवस ताप हटत नव्हता, आणि ती पोरगी या महिन्यात सांगली सोडून कुठंच गेलेली नाही, शाळा आणि आपलं पार्किंग, एवढंच. डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही, दोन-चारशे मीटरच्या आतच फिरतो, म्हणजे तो इथंच कुठंतरी जन्मलाय.

ए १०२ ताई : हो दादा. आत्ता १०० आहे, काल १०३ होता. डॉक्टर म्हणाले ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका, उतरल्यानंतरचे दोन दिवसच जास्त जपायचे. पोटात दुखलं, सारखी उलटी झाली, हिरड्यातनं रक्त आलं किंवा पोर गळून गेली तर रात्र असली तरी घेऊन यायचं. पॅरासिटामॉल सोडून दुसरी कुठली तापाची गोळी द्यायची नाही म्हणून बजावलंय.

सी ३०२ काकू : अगं बाई. पपईच्या पानाचा रस दे गं, आमच्या नणंदेच्या मुलाला दिला होता.

ए १०२ ताई : काकू डॉक्टरांना विचारलं मी, ते म्हणाले त्याच्या भरवशावर राहू नका, पाणी, ओआरएस, नारळपाणी, पेज, जे पिईल ते देत राहा आणि लघवी होतेय का बघत राहा.

सी ४०१ काका : फॉगिंगची गाडी बोलवा की ओ मग. गेल्या वर्षी आलती, दोन दिवस एक डास दिसला नव्हता.

बी २०३ : काका बरोबर आहे, दोनच दिवस. धुरानं उडणारा डास मरतो, पाण्यातल्या अळीला काही होत नाही. या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे गाडी गेली की मागनं नवीन खेप तयार. गाडी येऊ दे, अर्ज केलाय, पण तिची वाट बघत बसायचं नाही.

काल संध्याकाळी मी आणि वॉचमन मामा बॅटरी घेऊन दीड तास फिरलो. बी विंगच्या गच्चीवर जुना टायर, त्यात अळ्या. पार्किंगमधल्या गाडीवर टाकलेल्या ताडपत्रीला खोलगट भाग झालाय, तिथं तांब्याभर पाणी, त्यात अळ्या. लिफ्टच्या खड्ड्यात वीतभर पाणी. तुळशीच्या कुंडीखालच्या ताटल्या तर मोजल्याच नाहीत. एका काचेच्या बाटलीत थोडं पाणी भरून केबिनच्या स्टुलावर ठेवलंय, झाकण घट्ट लावलंय, येता-जाता बघा आणि पोरांना पण दाखवा. पाणी एकदम स्वच्छ दिसतं, पिण्यासारखं, आणि वरच्या बाजूला दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या शेपटी वर डोकं खाली अशा लटकलेल्या असतात. बाटलीवर हात आडवा धरला की सावली पडते आणि सगळ्या वळवळत तळाला जातात, मिनिटभरानं परत एकेक करून वर, श्वास घ्यायला. हे बघितल्यावर मला रात्री झोप लागली नाही खरं सांगतो.

बी १०४ वहिनी : पण आमच्याकडं गटार उघडी आहे मागनं, डास तिथनंच येतात. आधी ते बघा.

बी २०३ : वहिनी ते डास वेगळे. गटारीतले, सेप्टिक टाकीतले ते रात्री कानाशी गुणगुणणारे, ते पण नकोतच, त्यासाठी सेप्टिक टाकीच्या व्हेंट पाईपांना जाळी बांधायची ठरलीय, सहा पाईप आहेत. पण डेंग्यूचा डास गटारीत अंडी घालत नाही, त्याला आपल्या घरातलं चांगलं साठवलेलं पाणी लागतं. पायावर पांढरे पट्टे असतात आणि चावतो दिवसा, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. म्हणजे नेमकं पोरं खाली खेळायला येतात तेव्हा. रात्रीची मच्छरदाणी लावून दिवसा चड्डीवर सोडलं तर उपयोग नाही, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि ताई, छोटीला ताप आहे तोवर दिवसापण मच्छरदाणीतच ठेवा, तिला चावलेला डास पुढं आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो.

ए १०२ ताई : ठेवलंय. कंटाळलीय पण ठेवलंय.

सी २०१ : आत्ता फ्रीज ओढून मागचा ट्रे बघितला. आमच्या घरात अळ्या!! आई रोज पुसून घेते घर, तरी. कुणी बघतंच नाही ओ तिथं.

ए ३०१ : आमच्या पण. फ्रीजमागं बघा सगळ्यांनी, खरंच.

बी १०४ वहिनी : पिंपाचं काय करायचं सांगा. पाणी कधी येतं कधी नाही, भरून ठेवल्याशिवाय भागत नाही. दोनशे लिटर ओतून द्यायला जीव होत नाही माझा.

बी २०३ : ओतून द्यायचं नाही वहिनी, शनिवारपासनं त्यातलंच पाणी वापरायला काढा, रविवारी जे तळाला उरेल त्यानं जिना आणि पार्किंग धुऊ. मुख्य काम त्यानंतरचं आहे. हा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर पिंपाच्या भिंतीला चिकटवतो, काळी बारीक, मोहरीपेक्षा लहान. पिंप वाळलं तरी ती मरत नाहीत, कित्येक महिने तशीच राहतात आणि परत पाणी भरलं की फुटतात. नुसतं पालथं घालून सुलटं केलं तर काहीच झालं नाही. ब्रशनं आतनं गोल घासायचं, पार कडेपर्यंत. मग तासभर उन्हात, मग भरायचं आणि वर सुती कापड नाडीनं घट्ट बांधायचं, नुसतं ताट झाकून फट राहते. दर रविवारी हेच. आठवड्यातनं एकदा केलं तर अळीचा डास व्हायच्या आत ती जाते, म्हणून तर कोरडा दिवस आठवड्याचा असतो.

सी ४०१ काका : २०१९ च्या पुरानंतर पण हे पाळलं होतं आपण, सगळ्यांनी मिळून. तेव्हा जमलं, आता का जमू नये. मी गच्चीचं बघतो, वरच्या टाकीचं एक झाकण तुटलंय ते पण बदलायला सांगतो.

ए ३०१ : बागेतल्या हौदात गप्पी मासे सोडूया का? हौद तर घासून होणार नाही.

बी २०३ : हौदात चालतील, अळ्या खातात ते. फक्त नदीत, ओढ्यात सोडायचे नाहीत, तिथले आपले मासे कमी होतात. लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी पंपानं काढायला उद्या माणूस येतोय.

सी २०२ : या विषयातच बोलतो. पार्किंगमधल्या काळीच्या अंगावर गोचिडांचा नुसता थर झालाय आणि काल आमच्या मुलाच्या मानेवर एक सापडली. त्या कुत्रीला आता सोसायटीबाहेर सोडून या, लई झालं. गोचिडीनं माकडताप होतो असा मेसेज पण आलाय मला.

बी २०३ : मुलगा बरा आहे ना? कशी काढली?

सी २०२ : बरा आहे. आईनं रॉकेल लावलं मग ओढून काढली.

बी २०३ : परत असं झालं तर रॉकेल, तेल, काडी काही लावू नका, ती उलट पोटातलं आत सोडते. बारीक चिमटा घ्यायचा, कातडीच्या अगदी लगत तोंडापाशी धरायचं आणि सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, बोटानं चिरडायचं तर अजिबात नाही. सॅनिटायझरमध्ये टाकायची, जागा साबणानं धुवायची. आता दोन-तीन आठवडे ताप, पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावलेली असं आवर्जून सांगा. माकडतापाचं म्हणाल तर तो जंगलातल्या गोचिडीनं होतो, १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडं सापडला, आपल्या इकडं सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात झालाय. काळीच्या अंगावरची गोचीड ती नव्हे, ही कुत्र्यांची तपकिरी गोचीड. तो मेसेज पुढं पाठवू नका.

आणि काळीला सोडून येऊन गोचीड जात नाही हो. मी आज जनावरांच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी सगळ्या भिंतीत. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरनं गळते, भिंत चढते आणि फटीत जाऊन दोन-चार हजार अंडी घालते. पिल्लं खाऊन परत गळतात, परत भिंतीत, असं तीनदा. न खाता महिनोन्‌महिने बसून राहतात. काळी गेली तर त्या भुकेल्या तुमच्या-माझ्या पायावर चढतील. केबिनमागच्या भिंतीवर बॅटरी मारून बघा, प्लास्टरच्या भेगेत मुगाएवढ्या राखाडी दिसतील.

ए २०४ : खरंय. आमच्या पलूसच्या घरी गोठ्याचं असंच, म्हशीला कितीही औषध लावा, भेगा बुजवून चुना मारला तेव्हाच कमी झाल्या. संकरित गाईला तर गोचीडताप होऊन गाय हातची गेली होती आमची.

बी २०३ : हेच करायचंय. काळीला डॉक्टरांनी वजनावर गोळी दिलीय, मी दुधातनं खाऊ घातली. त्याच्या जोडीनं भिंत पण झाली पाहिजे, एकच केलं तर फुकट. शनिवारी भेगा सिमेंटनं बुजवणार, पेस्ट कंट्रोलवाला फवारणार, पंधरा दिवसांनी परत, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. त्या दिवशी पोरं आणि काळी चार तास लांब. सी ३०२ काकू, तुमची मनी पण घरात ठेवा आणि कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तिच्या अंगाला चुकूनही लावू नका, मांजराला ते विष आहे.

सी ३०२ काकू : बरं झालं सांगितलंस रे. मी तेच आणणार होते.

सी २०२ : ठीक आहे. भेगा बुजवायला मी येतो, अर्धं पोतं सिमेंट आहे माझ्याकडं.

ए १०२ ताई : आत्ता मऊ भात खाल्ला तिनं, परवापासनं पहिल्यांदा. प्लेटलेट उद्या परत बघायच्यात.

बी २०३ : खूप बरं वाटलं ताई. रविवारी तुम्ही खाली येऊ नका, तुमची दोन पिंपं मी आणि ए ३०१ घासतो. कुणाकडं लांब दांड्याचा ब्रश आहे का?

बी १०४ वहिनी : दोन आहेत, मामांकडं ठेवते.