तेराव्या वाढदिवसापर्यंतचे गुप्तहेर : 'किड्स नेक्स्ट डोअर'चे अनुभव

टॉम वॉरबर्टन यांची 'कोडनेम: किड्स नेक्स्ट डोअर' ही मालिका कार्टून नेटवर्कवर अमेरिकेत डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २००८ मध्ये संपली. झाडावर बांधलेल्या अवाढव्य घरातले पाच बालहेर, चंद्रावरचा त्यांचा तळ, आणि गृहपाठ, भाज्या व वेळेवर झोपणे यांची सक्ती करणारी मोठी माणसे हे शत्रू, असा एकूण मामला होता. या गमतीच्या जगात एकच नियम निष्ठुर होता. तेरावा वाढदिवस उजाडला की हेराची स्मृती पुसून त्याला संघटनेबाहेर काढले जाई. ही मालिका पाहताना आपण कोणाच्या बाजूने होतात आणि या नियमाबद्दल तेव्हा काय वाटले, ते कृपया सविस्तर लिहावे. केवळ 'बालपण आठवले' एवढ्यावर थांबू नये, ही आग्रहाची विनंती.

नागपूर
आमच्या घरी ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिने कॉलेजात पाऊल टाकताच आमच्या खोलीच्या मधोमध पडदा लावला आणि मला पलीकडे यायची बंदी झाली. त्यामुळे पाच हेरांपैकी लाल टोपीतली, कधीही न गडबडणारी नंबर फाइव्ह आणि शत्रूपक्षाला मिळालेली तिची थोरली बहीण क्री यांच्या मारामाऱ्या मी जरा जास्तच मनावर घेऊन पाहत असे. क्री पूर्वी याच संघटनेत होती, हे कळल्यावर तर ताईच्या वागण्याचा उलगडा झाला, असे मला प्रामाणिकपणे वाटले होते. पुढे एका भागात नंबर फाइव्हचा जिवलग मित्र मॉरिस तेरा वर्षांचा होतो, संघटनेतून जातो आणि क्रीच्या टोळीत दिसू लागतो. नंबर फाइव्ह खचते. शेवटी उघड होते ते असे की, निवडक हेरांची स्मृती न पुसता त्यांना गुपचूप शत्रूच्या गोटात ठेवले जाते आणि मॉरिस त्यांपैकीच एक आहे. तो भाग संपल्यावर मी ताईला गंभीरपणे विचारले, "तू आमच्यातलीच आहेस ना?" तिने पडद्याआडून उशी फेकून मारली. मी तो होकार समजले.

ठाणे
मी त्या वेळी आईच्या भूमिकेत होते, म्हणजे शत्रुपक्षात. मुले उलट उत्तरे द्यायला शिकतील म्हणून ही मालिका बंद करावी, असे माझे ठाम मत होते, आणि काही अंशी ते आजही आहे. खोडकर मुलांना चोपत हिंडणारा पिशाच्च सरदार पाहून मला कधीच हसू आले नाही. तरीही मुलांसोबत बसून पाहू लागल्यावर ध्यानात आले की, मोठ्यांच्या शिस्तीविरुद्ध लढणाऱ्या या पोरांची स्वतःची शिस्त आमच्या शाळेहून कडक आहे. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येक मोहिमेला नाव, वरिष्ठ, नियमावली, सगळे काही. उलट पाचही जण एका सुरात बोलणारी, इस्त्रीच्या कपड्यांतली ती 'डिलाइटफुल' मुले, जी कोणत्याही आईला आदर्श वाटावीत, ती मालिकेत खलनायक होती. तीही कधीकाळी याच संघटनेची हेर होती, हे मालिकेच्या २००६ च्या चित्रपटात कळले, तेव्हा मात्र मीच मुलांना गप्प बसवून ऐकत होते.

नाशिक
मी आता मुलांच्या दातांना तारा बसवते. नाइटब्रेस नावाचा खलनायक रात्री जबरदस्तीने हेच करायचा. अधिक लिहित नाही.

न्यू जर्सी
हेरांची सगळी शस्त्रे आणि विमाने भंगारातून बनलेली असत : फळ्या, नळ्या, मोहरीच्या बाटल्या, च्युइंग गम. या तंत्राला ते 'टू बाय फोर' म्हणत. इकडे घरांचा सांगाडा ज्या लाकडी पट्ट्यांचा करतात, त्यांचे हे प्रचलित माप. आमच्या गॅरेजमध्ये बाबांनी अशा पट्ट्यांची चळत रचून ठेवली होती. त्यातून आम्ही बनवलेली तोफ चालली नाही, पण बाबांनी स्वतःहून तिला चाके लावून दिली. म्हणून त्या चित्रपटाचा धक्का मला मोठा वाटला. पाच हेरांचा म्होरक्या नंबर वन, त्याचे साधेसुधे, काहीसे बावळट वाटणारे वडीलच मूळचे 'नंबर झीरो' निघतात, संघटना नव्याने उभी करणारे, आणि स्मृती पुसल्यामुळे त्यांना त्यातले काहीही आठवत नसते. त्यातच सर्वांत मोठा शत्रू 'फादर' हा त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे नंबर वनचा काका. भाऊबंदकी इतकी ओळखीची होती की, आमच्या आजीलाही कथा सांगताना काही समजावून द्यावे लागले नाही.

कोल्हापूर
वरच्या सर्व लेखनाशी सहमत असूनही शेवटच्या भागाबद्दल माझी तक्रार नोंदवतो. त्यात प्रत्यक्ष अभिनेते मोठे झालेले हेर म्हणून मुलाखती देतात आणि नंबर वन पृथ्वी सोडून अंतराळातल्या संघटनेत कसा गेला, ते सांगतात. म्हणजे त्यांना सगळे आठवते आहे. मॉरिसला मिळालेली सवलत यांनाही मिळाली असावी, हे मान्य. परंतु पाच वर्षे ज्या नियमाची धास्ती घेऊन आम्ही मालिका पाहिली, तो नेमका आपल्या लाडक्या पाच जणांना लागू होऊ नये, ही मला लेखकाची पळवाट वाटते. नागपूरहून लिहिणाऱ्या ताईंचे यावर वेगळे मत असेल, तर त्यांनी जरूर लिहावे.